वृक्षाचे अखेरचे फळ : टॉल्किनच्या मिथकसृष्टीतील सूर्य

उगवत्या सूर्याला पिकलेले फळ समजून बालमारुतीने आकाशात झेप घेतली, ही कथा मराठी घरांतून लहानपणीच कानावर पडते. त्या कथेत फळ हा बाळाचा भ्रम असतो. सूर्य हा देवच असतो. इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन (१८९२-१९७३) यांनी रचलेल्या मिथकसृष्टीत मात्र सूर्य हे खरोखरच एक फळ आहे. एका मरणासन्न वृक्षाने प्राण जाण्यापूर्वी दिलेले ते एकुलते एक सोनेरी फळ होय. ‘द हॉबिट’ (१९३७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबऱ्यांमुळे आणि २००१ ते २००३ या काळात आलेल्या चित्रपटत्रयीमुळे टॉल्किन यांचे नाव जगभर पोहोचले. तथापि त्या कथांच्या पाठीमागे उभी असलेली विश्वोत्पत्तीची कथा त्यांच्या निधनानंतर, १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द सिल्मरिलियन’ या ग्रंथात आहे, आणि सूर्याची जन्मकथाही तेथेच सापडते.

या सृष्टीत रूढ अर्थाने सूर्यदेव नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. टॉल्किन श्रद्धावान कॅथलिक होते. त्यांच्या विश्वात इलुवतार हा एकच निर्माता आहे. त्याने निर्माण केलेल्या थोर आत्म्यांपैकी काही जग घडविण्यासाठी जगात उतरले. त्यांना ‘वालार’ म्हणतात आणि त्यांच्या हाताखालच्या कनिष्ठ आत्म्यांना ‘मायार’. सूर्याचे सारथ्य करणारी आरिएन ही अशीच एक माया आहे. तिची पूजा होत नाही, तिला नैवेद्य नाही, तिचे मंदिर नाही. ती नेमून दिलेल्या कामावर रुजू असलेली सेविका आहे. शिवाय ती कामावर येते तीही फार उशिरा. जगाचे कितीतरी आयुष्य तोवर सूर्यावाचूनच सरलेले असते.

दिव्यांपासून वृक्षांपर्यंत

जगात पहिला उजेड पडला तो दोन प्रचंड दिव्यांचा. उत्तरेकडचा इल्लुइन आणि दक्षिणेकडचा ओर्माल. वनस्पतींची अधिष्ठात्री यावान्ना हिच्या विनंतीवरून कारागीर आउले याने ते घडविले आणि ताऱ्यांची राणी वार्दा हिने त्यांत प्रकाश भरला. उंच स्तंभांवर ठेवलेल्या या दिव्यांमुळे पृथ्वीवर सदैव दिवस असे. रात्र हा प्रकारच नव्हता. वालारांपैकीच एक असलेल्या आणि पुढे सर्व दुष्टतेचे मूळ ठरलेल्या मेल्कोरने ते स्तंभ पाडले. दिवे फुटून त्यांतील ज्वाळा भूमीवर पसरल्या आणि जगाची मूळची सममिती कायमची नष्ट झाली. टॉल्किन या प्रसंगावर फारसे रेंगाळत नाहीत. त्यांचे खरे लक्ष त्यानंतरच्या प्रकाशाकडे आहे.

दिवे गेल्यावर वालार पश्चिम सागरापलीकडच्या अमान या भूमीत स्थायिक झाले. तेथील वालिनोर प्रदेशात एझेल्लोहार नावाच्या हिरव्या टेकडीवर यावान्नाने गीत गायिले आणि शोकदेवता निएन्ना हिने आपल्या अश्रूंनी ती माती भिजविली. त्यातून दोन रोपे वर आली. थोरल्याचे नाव तेल्पेरिओन. त्याची पाने वरून गडद हिरवी, खालून रुपेरी आणि प्रकाशही रुपेरी. धाकट्याचे नाव लाउरेलिन. त्याची पाने कोवळी हिरवी आणि सोनेरी काठांची, शिंगांच्या आकाराच्या फुलांतून सोन्याचा पाऊस गळणारी. पुढील सारी कथा या दोन वृक्षांभोवती फिरते, कारण या सृष्टीतील दिवस म्हणजे काय, हे त्यांनीच प्रथम ठरविले.

त्या दिवसाची रचना मोठी विलक्षण आहे. प्रत्येक वृक्ष सात तासांत पूर्ण तेजाला पोहोचून पुन्हा मावळे आणि एकाचा प्रकाश संपण्याच्या एक तास आधी दुसरा जागा होई. अशा रीतीने बारा तासांचा एक दिवस होई आणि त्यात दोनदा, एकेक तास, सोने आणि रुपे एकमेकांत मिसळून जाई. वृक्ष विझत, पण दोन्ही एकदम कधीच विझत नसत. संध्याकाळ होई, पण तिच्या मागे रात्र येत नसे. या प्रकाशात दाह नव्हता. वृक्षांवरून ठिबकणारे तेज दवासारखे, पावसासारखे असे आणि वार्दा ते मोठ्या कुंडांत साठवून ठेवी. प्रकाश ही वाहणारी, साठवता येणारी, प्यायला येणारी वस्तू आहे, ही कल्पना येथे अलंकार म्हणून आलेली नाही. पुढे घडणारा अनर्थ तिच्यावरच आधारलेला आहे.

वृक्षांचा उजेड अमानपुरताच होता, हेही लक्षात घ्यावे लागते. सागराच्या पूर्वेकडील मध्यभूमी, म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ जेथे घडते तो भूभाग, ताऱ्यांच्या अंधुक प्रकाशात पडून होता. सूर्य नसताना तेथे अरण्ये कशी टिकली, या साध्या शंकेलाही कथेत उत्तर आहे. यावान्नाने तेथील बहुतेक वनस्पतींना व प्राण्यांना निद्रा दिली होती; प्रकाशाची वाट पाहत ते झोपून राहिले. याच अंधारात कुइविएनेन सरोवराकाठी एल्फ, म्हणजे अमर्त्य मानवसदृश जमात, प्रथम जागी झाली. त्यांच्या आगमनासाठी वार्दाने तेल्पेरिओनच्या दवातून नवे, अधिक तेजस्वी तारे घडविले होते. डोळे उघडताच एल्फांना जे पहिले दिसले ते तारे आणि म्हणून ही जमात अखेरपर्यंत ताऱ्यांवर प्रेम करीत राहिली. सूर्याला त्यांनी मान दिला. प्रेम दिले की नाही, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

विषप्रयोग आणि नकार

वृक्षांचा नाश मेल्कोरने केला, पण एकट्याने नव्हे. उंगोलियांत नावाची कोळ्याच्या रूपातील एक राक्षसी त्याच्यासोबत होती. प्रकाशाची तिला भूक होती आणि प्रकाशाचा द्वेषही होता. वालिनोरमध्ये उत्सव चालू असताना, दोन्ही प्रकाश एकमेकांत मिसळण्याच्या घटकेला ही जोडी टेकडीवर पोहोचली. मेल्कोरने भाल्याने दोन्ही बुंधे भोसकले. उंगोलियांतने जखमांना तोंड लावून वृक्षांचा रस शोषला आणि त्यांत आपले विष सोडले. एवढ्यानेही तहान न भागल्यामुळे तिने वार्दाची कुंडे रिकामी केली. त्यानंतर पसरलेला काळोख हा नुसता प्रकाशाचा अभाव नव्हता. त्याला स्वतःचे अस्तित्व होते, तो डोळ्यांत, मनात आणि इच्छाशक्तीत शिरत असे, असे वर्णन टॉल्किन करतात.

या क्षणी जगात वृक्षांचा निर्मळ प्रकाश एकाच ठिकाणी उरला होता. फेआनोर या एल्फ कारागिराने घडविलेल्या सिल्मरिल नावाच्या तीन रत्नांत तो कोंडलेला होता. ती रत्ने फोडली तर त्या प्रकाशाने वृक्षांना जीवदान देता येईल, असे यावान्नाने सांगितले. फेआनोरने नकार दिला. काही कलाकृती माणसाच्या हातून एकदाच घडतात आणि ही मोडली तर आपलेही काळीज मोडेल, हे त्याचे म्हणणे होते. गंमत अशी, की त्याने होकार दिला असता तरी उपयोग नव्हता. मेल्कोरने रत्ने तोवर चोरली होती आणि फेआनोरच्या पित्याचा वधही केला होता. तरीही तो नकार वाया गेला नाही. फेआनोरच्या पुढील साऱ्या दुष्कृत्यांचा उतार तेथूनच सुरू झाला, असा लेखकाचा अभिप्राय आहे. सूर्य निर्माण होण्याचे कारण शोधीत गेल्यास ते अखेर येथे सापडते. कलावंताने आपली कृती परत दिली नाही, म्हणून जगाला उरलेल्या प्रकाशावर भागवावे लागले.

निएन्नाचे अश्रू आणि यावान्नाचे गीत पुन्हा एकदा वृक्षांपाशी आले. वृक्ष वाचले नाहीत. पण आशा संपत आली असताना तेल्पेरिओनच्या निष्पर्ण फांदीवर एक मोठे रुपेरी फूल उमलले आणि लाउरेलिनला एक सोनेरी फळ धरले. आउले आणि त्याच्या लोकांनी त्यांच्यासाठी तेज सांभाळणारी पात्रे घडविली आणि वार्दाने ती आकाशात सोडली. फूल म्हणजे चंद्र, ‘इसिल’. फळ म्हणजे सूर्य, ‘आनार’. चंद्र थोरला आणि सूर्य धाकटा. कारण तेल्पेरिओन थोरला होता. चंद्राच्या सात फेऱ्या झाल्यावर सूर्य प्रथम उगवला आणि तो पश्चिमेला उगवला.

आरिएन आणि तिलिओन

सूर्याचे पात्र हाकण्यासाठी आरिएनची निवड झाली. वानाच्या उद्यानातील सोनेरी फुलांना ती लाउरेलिनचे तेजोमय दव शिंपीत असे. ती मुळातच अग्नीची आत्मा होती. मेल्कोरने अशा अनेक अग्निआत्म्यांना फितविले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मोरियाच्या भुयारात गॅन्डाल्फशी झुंजणारा बालरॉग हा त्यांपैकीच एक. आरिएन मात्र फितली नाही. म्हणजे सूर्याची चालक आणि भुयारातील तो राक्षस हे मुळात एकाच जातीचे. वालिनोर सोडताना तिने आपले देहरूप टाकून दिले आणि ती निव्वळ ज्वाला झाली. तिच्या डोळ्यांकडे पाहणे एल्फांनाही सोसत नसे. चंद्राचे पात्र तिलिओनकडे गेले. हा रुपेरी धनुष्य बाळगणारा शिकारी, स्वभावाने छांदिष्ट आणि आरिएनकडे ओढला गेलेला. ठरलेल्या मार्गाने आणि ठरलेल्या गतीने जाणे त्याला जमत नाही. चंद्राच्या कला आणि त्याचे अवेळी उगवणे यांचे स्पष्टीकरण त्याच्या या स्वभावात आहे. तो कधी आरिएनच्या इतका जवळ जातो, की त्याची सावली तिच्या तेजावर पडते आणि भर दिवसा अंधार होतो. भारतीय ग्रहणकथेत राहूचे वैर आहे. येथे ग्रहण हा अनुरागाचा परिणाम आहे. तिलिओन मात्र त्या जवळिकीने होरपळतो आणि चंद्राचे बेट काळवंडते.

सूर्य स्त्री आणि चंद्र पुरुष, ही योजना मराठी वाचकाला अनोळखी वाटेल, कारण मराठीत दोन्ही पुल्लिंगी आहेत. टॉल्किन यांनी ती हवेतून काढलेली नाही. ते ऑक्सफर्डमध्ये १९२५ पासून प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्या भाषेत सूर्याचा शब्द स्त्रीलिंगी आणि चंद्राचा पुल्लिंगी होता. आजच्या जर्मनमध्येही तसेच आहे. नॉर्स पुराणांत सोल ही सूर्यकन्या आणि मानी हा तिचा भाऊ. तिच्या रथामागे लांडगा लागलेला असतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील एका छोट्या तळटीपेत टॉल्किन नोंदवितात, की एल्फ आणि हॉबिट सूर्याचा उल्लेख नेहमी ‘ती’ असाच करतात. आपल्याकडेही ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील विवाहसूक्तात सूर्या ही वधू असून तिचा वर सोम आहे, याची येथे आठवण होते. मात्र टॉल्किन यांचा आधार उत्तर युरोपचा आहे, वैदिक नव्हे.

वार्दाची पहिली योजना अशी होती, की दोन्ही ज्योती सतत आकाशात फिरत राहाव्यात आणि कधी मावळू नयेत. म्हणजे वृक्षांच्या दिवसाचीच नक्कल. ती फसली. तिलिओनचा बेशिस्तपणा हे एक कारण. शिवाय स्वप्नांचा स्वामी लोरिएन आणि विश्रांतीची देवता एस्ते यांनी तक्रार केली, की पृथ्वीवरून झोप हद्दपार झाली आहे आणि तारेही दिसेनासे झाले आहेत. तेव्हा वार्दाने योजना बदलून जगाला रात्र परत दिली. सूर्य पश्चिमेला उतरतो, बाह्य सागराच्या गार पाण्यावर काही काळ विसावतो आणि उल्मोचे सेवक त्याला पृथ्वीखालून पूर्वेकडे नेतात. पत्नी संज्ञेला तेज सोसेना म्हणून विश्वकर्म्याने सूर्याला तासून काढल्याची पुराणकथा आपल्याकडे आहे. टॉल्किनकडे सूर्याचे तेज नव्हे, त्याचे तास कमी केले गेले.

दिवसाचा स्वभाव

या सूर्याच्या उजेडाविषयी ‘सिल्मरिलियन’ दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी सांगते. एकीकडे तो शत्रूला भयंकर आहे. मेल्कोरने चंद्रावर छायाआत्मे पाठविले, पण आरिएनच्या वाटेला जाण्याचे धाडस त्याला झाले नाही. आपली शक्ती दुष्ट सेवकांत वाटून टाकल्यामुळे तो स्वतः दुबळा झाला होता. त्याने आपल्या प्रदेशावर धुराचे आवरण ओढून घेतले. दुसरीकडे या उजेडाबरोबरच जगात म्हातारपण आले. सूर्याची वर्षे वृक्षांच्या वर्षांहून लहान आणि वेगवान आहेत. मध्यभूमीची हवा वाढीच्या आणि मरणाच्या श्वासाने जड झाली, निद्रिस्त बीजे जागी झाली आणि त्याच वेगाने सारे झिजूही लागले. यावान्नाची झोपलेली अरण्ये जागी झाली ती जराजर्जर होण्यासाठीच, असेही म्हणता येईल.

माणसाचे स्थान येथेच ठरते. सूर्याच्या पहिल्या उदयाबरोबर पूर्वेकडील हिल्दोरिएन येथे मर्त्य मानव जागे झाले. पहिला सूर्य पश्चिमेला उगवला असल्यामुळे त्यांचे डोळे आणि पावले पश्चिमेकडे वळली. एल्फ ताऱ्यांची लेकरे, तर माणसे सूर्याची. नोल्दोर या एल्फ कुळाने सूर्याला ‘वासा’ म्हटले. जो जागवितो आणि जाळतो असा अग्नीचा गाभा, हा त्याचा आशय. चंद्राला त्यांनी ‘राना’, म्हणजे भटक्या, म्हटले. सूर्य माणसांच्या उदयाची आणि एल्फांच्या अस्ताची खूण म्हणून आकाशात ठेवला गेला, असे ग्रंथात स्पष्ट नमूद आहे. एल्फांचा दिवस सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत मोजला जाई आणि त्यांच्या सहा दिवसांच्या आठवड्यात पहिला वार ताऱ्यांचा, दुसरा सूर्याचा, तिसरा चंद्राचा आणि चौथा दोन वृक्षांचा होता. न्यूमेनोरच्या माणसांनी पुढे चौथा वार एकाच श्वेतवृक्षाच्या नावे केला आणि समुद्राचा सातवा वार जोडला.

या सर्वांहून महत्त्वाचे विधान ग्रंथात सहज येऊन जाते. सूर्य आणि चंद्र यांत वृक्षांचा मूळ प्रकाश नाही. तो विषस्पर्शापूर्वीचा प्रकाश आता सिल्मरिल रत्नांतच आहे. म्हणजे ज्याला माणसे दिवस म्हणतात तो विटाळलेल्या झाडातून आलेला दुय्यम उजेड आहे. अमेरिकन अभ्यासक व्हर्लिन फ्लीगर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘स्प्लिंटर्ड लाइट’ या पुस्तकात हाच धागा पकडला. या सृष्टीचा इतिहास म्हणजे एका अखंड प्रकाशाचे तुकड्यांत, आणि त्या तुकड्यांचे आणखी लहान तुकड्यांत होत गेलेले विघटन, असे त्या दाखवितात.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या वाचकाला ही पार्श्वभूमी ठाऊक नसली तरी तिचे परिणाम जागोजागी भेटतात. ‘हॉबिट’मधील ट्रोल पहाटेच्या पहिल्या किरणाने दगड होतात. ऑर्कांना ऊन सोसत नाही. सारुमानचे उरुक मात्र भर उन्हात धावतात आणि म्हणूनच ते अधिक धोकादायक ठरतात. गॉलमला सूर्याचा ‘पिवळा चेहरा’ नकोसा असतो. गोंडोरच्या मिनास आनोर आणि मिनास इथिल या नगरांची नावे सूर्य आणि चंद्रावरून पडली. दुसरे शत्रूच्या हाती जाऊन मिनास मोर्गुल झाले. युद्धाच्या तोंडावर सॉरॉन आकाश काळ्या ढगांनी झाकतो, त्या दिवशी पहाटच होत नाही. त्याच संध्याकाळी चौरस्त्यावर राजाच्या पुतळ्याचे तोडून टाकलेले मस्तक फ्रोडो आणि सॅम यांना दिसते. ढगांच्या कडेखालून आलेला मावळतीचा एक किरण त्या मस्तकावर पडतो आणि रानवेलीच्या फुलांचा मुकुट उजळतो. थोडक्यात आटोपणारा हा प्रसंग, पण सूर्याने या कादंबरीत केलेले सर्वात मोठे काम कदाचित हेच असावे.

शेलॉबच्या बिळात मात्र सूर्य उपयोगी पडत नाही. तेथे फ्रोडोपाशी गालाद्रिएलने दिलेली कुपी असते. कुपीत एआरेन्दिलच्या ताऱ्याचा प्रकाश, तो तारा म्हणजे एक सिल्मरिल आणि सिल्मरिलमध्ये वृक्षांचा प्रकाश. शेलॉब ही उंगोलियांतची शेवटची संतती. वृक्षांचा रस पिणारीच्या लेकीसमोर वृक्षांचाच उरलेला थेंब धरला जातो.

खगोलशास्त्राचा अडसर

ही कथा टॉल्किन यांच्या मनात फार जुनी होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू केलेल्या आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुक ऑफ लॉस्ट टेल्स’च्या पहिल्या भागात ती सविस्तर आहे. तेथे सूर्यकन्येचे नाव उर्वेन्दी आणि चंद्राच्या नावाड्याचे इलिन्सोर. चांदीच्या झाडाचे फूल वाळलेली फांदी मोडून खाली पडते आणि त्याच्या काही पाकळ्या चुरगळतात; चंद्रावरचे डाग ते हेच. त्या आवृत्तीत खेळकरपणा अधिक आहे, गांभीर्य कमी. पण पृथ्वी सपाट असणे आणि सूर्य तिच्याखालून जाणे हे दोन्हीत समान आहे. गोल पृथ्वी या सृष्टीत नंतर येते. दुसऱ्या युगाच्या अखेरीस न्यूमेनोरच्या राजाने अमानवर चाल केली, तेव्हा इलुवतारने अमान जगातून काढून घेतले आणि पृथ्वी वाकवून गोल केली.

उतारवयात टॉल्किन यांना हे खटकू लागले. तपशिलाच्या बाबतीत ते कमालीचे काटेकोर होते. १९४४ मध्ये मुलाला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी कादंबरीतील चंद्र निरनिराळ्या ठिकाणी एकाच वेळी उगवत आणि मावळत असल्याचे आढळल्याची कबुली दिली आहे. ती चूक निस्तरण्यासाठी त्यांना मागील प्रकरणे पुन्हा हाताळावी लागली. अशा लेखकाला सूर्य हे फळ आहे असे म्हणणे किती काळ जमणार? १९४८ च्या सुमारास त्यांनी विश्वोत्पत्तीच्या कथेची एक ‘गोल पृथ्वी’ची आवृत्ती लिहून पाहिली. तीत सूर्य आरंभापासूनच होता. दोन्ही आवृत्त्या त्यांनी लेखिका कॅथरीन फॅरर यांना वाचावयास दिल्या; त्यांनी कौल दिला तो सपाट पृथ्वीला.

दहा वर्षांनी प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि या वेळी अधिक तीव्रतेने. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील त्यांची टिपणे ‘मॉर्गोथ्स रिंग’ (१९९३) या खंडात वाचावयास मिळतात. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. वालिनोरमधील एल्फ प्रत्यक्ष वालारांकडून शिकले. त्यांना विश्वाचे खरे स्वरूप ठाऊक असणारच. मग सपाट पृथ्वीची आणि फळरूपी सूर्याची कथा त्यांची असणे शक्य नाही. ती माणसांच्या तोंडी परंपरेतून, न्यूमेनोरमार्गे, गोंधळून आलेली असली पाहिजे. याशिवाय काळाचीही अडचण होती. सूर्योदयाबरोबर माणसे जागी झाली असतील, तर एल्फांशी त्यांची गाठ पडेपर्यंत जेमतेम तीनशे वर्षे उरतात. एवढ्या अवधीत माणसांच्या इतक्या जमाती आणि भाषा कशा घडाव्यात?

यावर त्यांनी नवी मांडणी करून पाहिली. सूर्य पृथ्वीइतकाच जुना आणि त्याची आत्मा आरिए नावाची, पवित्र प्रकाश लाभलेली. मेल्कोर तिच्यावर बळजबरी करतो, ती सूर्य सोडून जाते आणि सूर्याचा प्रकाश कायमचा दूषित होतो. दोन वृक्षांत साठविलेला प्रकाश हा त्या विटाळापूर्वीच्या सूर्याचा. मेल्कोरने आकाश झाकून टाकल्यामुळे पृथ्वीवर अंधार होता आणि त्या आवरणातून तारे दिसले तेव्हा एल्फ जागे झाले. म्हणजे क्रम उलटला. पूर्वी सूर्य वृक्षापासून झाला होता. आता वृक्षाचा प्रकाश सूर्याकडून आला. दुय्यम प्रकाशाची कल्पना मात्र त्यांनी सोडली नाही, हे लक्षणीय आहे. खगोलशास्त्र स्वीकारले तरी आजचे ऊन हे मूळचे ऊन नव्हे, ही गोष्ट त्यांना हवीच होती.

ही मांडणी पुरी झाली नाही. होणेही कठीण होते, कारण हा दगड काढला की बरेच काही ढासळते. सूर्य आधीपासून असेल तर वृक्षांच्या मृत्यूने जगाचे नेमके काय गेले? ढगांच्या फटीतून दिसलेल्या ताऱ्यांखाली जागे होणे आणि सूर्य जन्मालाच आलेला नसताना ताऱ्यांखाली जागे होणे, ही एकच गोष्ट नव्हे. टॉल्किन यांचे पुत्र आणि संपादक ख्रिस्तोफर टॉल्किन (१९२४-२०२०) यांनी या टिपणांवर लिहिताना वडिलांविषयी आदर राखूनही असमाधान लपविलेले नाही. ज्या मिथकावर सारी इमारत उभी होती त्याला हात घालणे धोक्याचे आहे, असेच त्यांच्या लिहिण्यातून दिसते.

१९७७ च्या ग्रंथासाठी हस्तलिखितांतून निवड करताना त्यांनी जुनी कथाच ठेवली. उत्पत्तीच्या पुस्तकातही प्रकाश पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी येतो, तेव्हा सूर्याआधीचा प्रकाश टॉल्किन यांच्या धर्मश्रद्धेलाही परका नव्हता. वाचकांनी तर त्याविषयी कधी तक्रार केल्याचे दिसत नाही. अडचण लेखकाचीच होती.

जुन्या हस्तलिखितांत सूर्याच्या अंताचीही कथा आहे. १९३० च्या दशकातील मसुद्यांत असे भाकीत येते, की शेवटच्या दिवशी मेल्कोर शून्यातून परत येईल आणि सूर्य-चंद्र नष्ट करील. त्याचा पराभव झाल्यावर पृथ्वी, सागर आणि आकाश यांतून तिन्ही सिल्मरिल परत मिळतील. फेआनोर ते या वेळी स्वतःच्या हाताने यावान्नाला देईल. ती ते फोडील आणि त्यांतील अग्नीने दोन्ही वृक्ष पुन्हा पेटतील. पर्वतांच्या भिंती जमीनदोस्त होतील, जेणेकरून तो प्रकाश या खेपेस अमानपुरता न राहता साऱ्या जगावर पडेल. ‘सिल्मरिलियन’च्या मुद्रित आवृत्तीत हे भाकीत घेतलेले नाही.